झडी उतरवा

आप्पा गेले तेव्हा माधव नगरातल्या आमच्या मराठी मंडळाने शोकसभा घेतली. अध्यक्ष म्हणाले, "समुद्राची नाडी ओळखणारा माणूस आज आपल्यातून गेला." पुढच्या रांगेतल्या चार माणसांनी माना डोलावल्या. त्या चौघांपैकी एकानेही समुद्र कॅलेंडरच्या चित्राबाहेर पाहिलेला नाही. मी गप्प बसले, कारण शेजारी मालतीताई, आप्पांच्या पत्नी, बसल्या होत्या आणि त्यांनी माझा हात दाबून धरला होता. तिथे बोलायचं राहिलं ते इथे बोलते.

आप्पा कोकणातले, अगदी समुद्रकाठच्या गावचे. बँकेच्या बदलीत उज्जैनला आले, इथेच फ्लॅट घेतला, इथेच रिटायर झाले. आमच्या बिल्डिंगमध्ये ते पहिल्या मजल्यावर आणि मी दुसऱ्या, त्यामुळे त्यांचा आवाज मला आयुष्यभर फुकट मिळाला. सकाळी गॅलरीत यायचे, तर्जनी तोंडात घालून ओली करायचे आणि हवेत धरायचे. समोर बिजलीचा ट्रान्सफॉर्मर आणि टेंट हाऊसचं गोदाम. थोडा वेळ डोळे मिटून उभे राहायचे आणि मग जाहीर करायचे, "आज वारा खारा आहे."

आता उज्जैन कुठे आणि समुद्र कुठे. रात्रभर गाडीत बसावं, सकाळी चहा प्यावा आणि परत बसावं, तरी पोचायची गॅरंटी नाही. मी एकदा बोलले, "आप्पा, तो खालच्या नमकीनवाल्याचा वास आहे. सेव तळतोय तो." त्यानंतर काही दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. ते दिवस फार सुखाचे गेले.

बिल्डिंगमधले हिंदीवाले त्यांना 'समुंदर बाबूजी' म्हणत आणि आप्पांना तो मान वाटे. उज्जैनचं त्यांना काहीच पसंत नव्हतं. पोह्यांवर सेव घालतात ते पसंत नाही, आमची मराठी पसंत नाही. आमचं घराणं शिंद्यांच्या दरबारी कारकुनी करायला इथे आलं, त्याला किती पिढ्या झाल्या ते मोजायचं आम्ही कधीच सोडून दिलंय. पण आप्पा मला म्हणायचे, "तुमची मराठी म्हणजे हिंदीला नेसवलेली नऊवारी." शिप्रेत हल्ली नर्मदेचं पाणी पाइपातून आणून सोडतात, हे कळल्यापासून शिप्रेला ते 'नळाची नदी' म्हणत. इथे राहून, इथलं पाणी पिऊन, इथल्या बँकेची पेन्शन खाऊन.

त्यांची दोन वाक्यं पेटंट होती. एक, "समुद्राला मर्यादा असते." दुसरं, "बायकांना वारा कळत नाही." पहिलं ते कशावरही लावायचे, महागाईवरसुद्धा. दुसरं मालतीताईंसाठी राखीव होतं, उरलंसुरलं माझ्या वाट्याला यायचं.

एका कोजागिरीला मंडळाने विचारलं, दूध गच्चीत ठेवायचं की हॉलमध्ये. कारण हल्ली आश्विन संपत आला तरी पाऊस जात नाही, हे आम्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं. माझी आई नवरात्रात पापड गच्चीत घालायची, आता दसऱ्याला छत्री न्यावी लागते. पण आप्पांनी बोट वर केलं. "गच्चीत. आकाश निखळ राहील." चंद्र वर आला, मसाला दूध उकळायला लागलं आणि पाऊस असा बरसला म्हणता की पातेलं जिन्यातून खाली आणेपर्यंत दुधाचं ताक झालं. आप्पा भिजलेल्या सदऱ्याने उभे होते. म्हणाले, "हा पाऊस नव्हे. हे दव आहे." आणि मंडळाचे अध्यक्ष, हेच ते शोकसभेवाले, केस पुसत म्हणाले, "जड दव आहे." तेव्हापासून माझा पुरुषजातीवरचा उरलेला विश्वास उडाला.

हे सगळं हसून सोडून देण्यासारखं होतं. जे नव्हतं, ते झडींचं.

झडी म्हणजे काय ते मलाही आधी माहीत नव्हतं. आप्पांच्या गावी पावसाळ्याआधी समुद्राकडच्या पडवीला नारळाच्या झापांचे पडदे बांधतात, तिरपा पाऊस अडवायला. त्या झडी. खालचं सामान माळ्यावर चढवतात. श्रावणात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की समुद्र शांत झाला असं धरायचं, मग झडी उतरवायच्या, सामान खाली आणायचं. आप्पांच्या घरची रीत अशी की नारळ घरातल्या थोरल्या पुरुषाच्या हातचा, आणि त्याने सांगितल्याशिवाय झडीला कुणी हात लावायचा नाही. बांधायच्या कधी तेही तोच सांगणार. वडील होते तोवर ठीक होतं, ते तिथेच राहत होते. वडील गेले आणि थोरले झाले आप्पा. आप्पा उज्जैनला.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, तिथे आहेत ते बघून घेतील. तिथे होते आप्पांचे धाकटे भाऊ, आणि भाऊ गेल्यावर त्यांची बायको सुमनताई, एकटी. पण आप्पांनी हक्क सोडला नाही. समुद्र नाही तर शिप्रा.

दर नारळी पौर्णिमेला राम घाटावर हा सोहळा व्हायचा. आप्पा सोवळं नेसून पुढे, मालतीताई तांब्या घेऊन मागे, आणि आम्ही बिल्डिंगमधल्या दोन-चार बायका प्रेक्षक म्हणून, कारण आप्पांना प्रेक्षक लागत. नेहमीचे पंडाजी विचारायचे, "बाबूजी, संकल्प किसके नाम का?"

"समुद्र के नाम का."

"समुद्र तो इधर है नहीं."

"आप मंत्र बोलिए."

पंडाजी मंत्र म्हणायचे, आप्पा नारळ सोडायचे. थोडं पुढे पाण्यात उभा असलेला तैराक तो नारळ उचलायचा आणि आम्ही पायऱ्या चढेपर्यंत तो फूलवालीच्या टोपलीत परत पोचलेला असायचा. मी एकदा आप्पांना दाखवला, सोनेरी कागदासकट. ते म्हणाले, "नळाच्या नदीला देण्याघेण्याची अक्कल कुठून येणार."

मग फोन. फोन नेहमी स्पीकरवर, घाटाला ऐकू जाईल असा. "सुमन, नारळ दिला. झडी उतरवा."

पलीकडून आवाज यायचा, "हो भाऊजी."

बस, एवढंच. तेवढ्या 'हो भाऊजी'साठी तो माणूस वर्षभर जगत होता असं मला वाटायचं.

सुमनताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते सिंहस्थाच्या वेळी. स्नानाला आल्या होत्या. आप्पांकडे पाहुण्यांची गर्दी, म्हणून झोपायला माझ्याकडे वर असत. बारीक अंगाची, हळू बोलणारी बाई. शाळेत शिकवून रिटायर झालेली, माझ्यासारखीच, त्यामुळे आमचं जमलं. त्या नुसत्या स्नानाला आल्या नव्हत्या. त्यांना आप्पांचा होकार हवा होता, आणि फोनवर मागायचा धीर होत नव्हता.

जेवणं झाल्यावर त्यांनी विषय काढला. मी समोर बसले होते. "भाऊजी, विहीर मचूळ झालीय. पुढे सुरूची रांग होती ना, ती सगळी पडली. उधाणाचं पाणी आता तुळशीपर्यंत येतं. दिवाळी झाली तरी पाऊस जात नाही. वर सड्यावर आपली जागा आहे. तिथे दोन खोल्या बांधते मी, माझ्या पैशांनी. तुम्ही फक्त हो म्हणा." सड्यावरची, म्हणजे गावाच्या वर कातळाच्या माळावरची, जागा सामाईक होती आणि आप्पा थोरले. त्यांच्या होकाराशिवाय तिथे दगड हलत नव्हता.

आप्पांनी काय केलं असेल? उठून गॅलरीत गेले, बोट ओलं केलं आणि ट्रान्सफॉर्मरसमोर धरलं. परत येऊन म्हणाले, "आजोबांनी बांधलेलं घर आहे. त्यांना का समुद्र कळत नव्हता? समुद्राला मर्यादा असते, सुमन. आणि मी तिथे येऊन राहणार आहे. सड्यावर काय बकऱ्या राखायच्या?" येऊन राहणार आहे हे ते रिटायर झाल्यापासून म्हणत होते. प्रत्यक्षात भावाचं बारावं झाल्यापासून ते तिकडे फिरकले नव्हते. गुडघे दुखतात म्हणे. राम घाटाच्या पायऱ्या उतरताना दुखत नसत.

सुमनताई त्यानंतर वर येऊन माझ्या पलंगावर बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "मला रात्री पाण्याचा आवाज जवळून येतो हो. बाकी काही नाही." मला आप्पांचा इतका राग आला की मी त्यांच्या डोक्यावर येईल अशा बेताने पाटा-वरवंटा आपटला.

त्यांनी पुढे दोनदा विचारलं. एकदा दिवाळीनंतर फोनवर, एकदा मालतीताईंमार्फत. दोन्ही वेळा समुद्राला मर्यादा होती.

मग एका वर्षी वैशाखातच वादळ आलं. पावसाळा अजून दूर, झडी माळ्यावर, कारण आप्पांचा हुकूम होता की रोहिणी नक्षत्र संपल्याशिवाय झडी बांधायच्या नाहीत, वारा कोंडतो. कौलं उडाली, पडवी बसली, समुद्र सैपाकघरात शिरला. सुमनताई आधीच वरच्या शाळेत गेल्या होत्या म्हणून वाचल्या. दुसऱ्या दिवशी लाइन लागल्यावर त्यांनी आप्पांना फोन केला. नुसतं एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, घरात पाणी आलं."

आप्पा आमरस खात होते. "समुद्रकाठच्या घरात पाणी नाही तर काय पेट्रोल येणार? कौलं घालून घे," म्हणाले आणि फोन ठेवला. उरलेलं सुमनताईंनी मला सांगितलं, आणि मी मालतीताईंना.

मालतीताई ही अशी बाई की नवऱ्याने चहात साखर नाही म्हटलं तर आपणच जिभेला दोष देणार. त्यांनी ऐकून घेतलं. संध्याकाळी भाजीला म्हणून गेल्या आणि परत आल्या तेव्हा हातात पाटल्या नव्हत्या. आप्पांना ते शेवटपर्यंत दिसलं नाही. त्यांना वारा दिसायचा. सड्यावर दोन खोल्या उभ्या राहिल्या. कुणी कुणाला विचारलं नाही. खालचं घर पुढच्या पावसाळ्यात एक भिंत होतं आणि त्याच्या पुढच्या पावसाळ्यात तेही नव्हतं.

आणि मधे श्रावण आला. मालतीताईंनी सुमनताईंना फोन करून विनवलं, "तू फक्त हो म्हण गं. त्यांचं तेवढं एक आहे." सुमनताईंनी मान्य केलं, जावेच्या पाटल्यांसाठी.

तर तेव्हापासून दर वर्षी आमचे आप्पा, राम घाटावर उभे राहून, सोवळ्यात, स्पीकर लावून, नसलेल्या घराच्या झडी उतरवत होते. वर सल्लेही द्यायचे. "माळ्यावर नीट रचून ठेव. मागे उंदीर लागले होते."

"हो भाऊजी, रचते."

मी शेजारी उभी राहून तोंडात पदर कोंबायची. हसू यायचं आणि संतापही. बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. पंडाजींनासुद्धा कुणीतरी सांगितलं होतं. फक्त वारा ओळखणाऱ्याला माहीत नव्हतं.

हे असंच चाललं असतं. पण गेल्या आषाढात आप्पांनी ठरवलं की आता बास झालं उज्जैन, फ्लॅट विकायचा आणि समुद्रकाठच्या घरी जाऊन राहायचं. देवास गेटचा एक टायरवाला तयार झाला. नारळी पौर्णिमेला नारळ द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी बयाना घ्यायचा, असा आप्पांचा मुहूर्त.

मालतीताई माझ्या सैपाकघरात येऊन बसल्या. सत्तरीची बाई. "अगं, हे विकलं तर जायचं कुठे? त्या दोन खोल्यांत सुमनच्या डोक्यावर? आणि तिथे नेऊन त्यांना दाखवू काय, पाणी?"

मी म्हटलं, "सांगून टाका ना आता."

"मी सांगितलं तर म्हणतील तुला कळत नाही. आणि हट्टाने उद्याच सौदा करतील." हे मात्र सोळा आणे खरं होतं. मीच मग सुमनताईंना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकलं. विचारलं, "पौर्णिमेला ते स्पीकर लावतात ना?"

"लावतात."

"मग ठीक आहे."

पौर्णिमेला आप्पा फारच खुशीत होते. हा शेवटचा शिप्रेचा नारळ, पुढच्या वर्षी खराखुरा समुद्र, असं पंडाजींना दोनदा सांगून झालं. टायरवाल्यालाही त्यांनी घाटावर बोलावून घेतलं होतं, आपला इतमाम बघायला. नारळ सोडला. फोन लावला.

"सुमन, नारळ दिला. झडी उतरवा."

"झडी नाहीत, भाऊजी."

आप्पांनी फोन कानाजवळ नेला, मग परत समोर धरला. "नाहीत म्हणजे?"

"त्या वादळात माळ्यासकट गेल्या. पडवी पण गेली. घर पण गेलं. तुळस होती तिथे आता होडी उभी राहते. मी वर सड्यावर राहते, चार वर्षं झाली."

टायरवाल्याला मराठी कळत नव्हती, तरी त्याने चप्पल पायात घातली.

"आणि मग गेल्या वर्षी उतरवल्या त्या?" आप्पांनी विचारलं. खरंच विचारलं. घर गेलं, विहीर गेली, भावजय मरता मरता वाचली, आणि ह्या माणसाला झडींचा हिशोब हवा होता.

"गेल्या वर्षी मी वाल निवडत होते," सुमनताई म्हणाल्या.

"मला विचारलं का नाही?"

"विचारलं होतं, भाऊजी. तीनदा. तुमच्या उत्तराची वाट बघत तिथे बसले असते तर आज हा फोन उचलायला कुणी नसतं."

आप्पा म्हणाले, "समुद्राला..." आणि थांबले. मालतीताईंनी पुढे होऊन त्यांच्या हातातून फोन घेतला, स्पीकर बंद केला, आणि सुमनताईंना हळूच म्हणाल्या, "जेवून घे गं तू." मग टायरवाल्याकडे वळल्या. "भैयाजी, मकान नहीं बेचना है." हे वाक्य त्यांनी घरी किती वेळा घोकलं होतं, देव जाणे. एका दमात बोलल्या. आप्पा नदीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांच्या नजरेसमोर तैराकाने त्यांचा नारळ उचलला.

त्यानंतर आप्पांनी बोट ओलं करणं बंद केलं. आश्विनात दोन दिवस पाऊस लागला, तेव्हा ते देवास गेटला जाऊन निळी ताडपत्री घेऊन आले आणि गॅलरीला आडवी बांधली. उज्जैनला, पहिल्या मजल्यावर. दिवाळी झाली, ताडपत्री तशीच. होळी झाली. वैशाखाची लू सुटली, सगळं शहर भाजून निघालं, ताडपत्री तशीच. आतल्या खोलीत दिवसा दिवा लावावा लागे. मालतीताई पापड-कुरडया माझ्या गच्चीत घालायच्या. मी म्हटलं, "काढा ना ती." त्या म्हणाल्या, "काढू देत नाहीत. कुणी सांगितलं की मग काढू म्हणतात. कोणी सांगायचं ते सांगत नाहीत."

मला दिसलेले शेवटचे आप्पा म्हणजे त्यांचे पाय. भर दुपारी मी भाजी घेऊन फाटकातून आत येत होते. ताडपत्री खालून वीतभर अपुरी पडली होती आणि त्या फटीतून गॅलरीच्या गजांमागे दोन पाय दिसत होते, सुजलेले, जोडून ठेवलेले. माझी चाहूल लागली असावी.

"कोण, तुम्ही का?" ताडपत्रीमागून आवाज आला.

"हो, मीच."

मग म्हणाले, "बाहेर वारा कुठला आहे हो?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न. वारा पश्चिमेचा होता, कोरडा, डोळ्यांत धूळ घालणारा. शेंबड्या पोरालाही कळला असता. मला त्यांची दया आली असं आता म्हणायला हरकत नाही, माणूस गेलाय. पण आली नाही. मला पलंगावर नुसत्या बसून राहिलेल्या सुमनताई आठवल्या.

"आम्हा बायकांना वारा कळत नाही, आप्पा," मी म्हटलं, आणि भाजीची पिशवी घेऊन वर आले.